वाचकांचे प्रश्न: एचआयव्हीची गोळी स्वस्त कशी झाली?

मागील अंकात जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीखेरीज इतरांनी बनविलेल्या त्याच, औषधांविषयी लिहिताना एचआयव्हीच्या गोळ्यांचा उल्लेख एका वाक्यात येऊन गेला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागले. पत्रलेखकांनी स्वतःची नावे लिहिली असली तरी ती येथे छापलेली नाहीत. गावे तेवढी ठेवली आहेत, आणि एका पत्रातले गावही काढले आहे.

प्रश्न (चांदवड): माझ्या धाकट्या भावाला आठ वर्षांपासून नाशिकच्या सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील उपचाराच्या) केंद्रातून फुकट गोळ्या मिळतात. या वेळी मिळालेल्या डबीवर दुसऱ्याच कंपनीचे नाव आहे आणि गोळीही किंचित जाड वाटते. हलका माल माथी मारला असेल या शंकेने त्याने चार दिवस गोळी घेतलेली नाही. त्याचे बरोबर आहे का?

त्याची शंका समजण्यासारखी आहे, पण गोळी बंद ठेवणे चुकीचे आहे. हे उत्तर वाचताच त्याला आज नेहमीच्या वेळी गोळी घ्यायला सांगा आणि उद्या केंद्रात फोन करून चार दिवस खंड पडल्याचे न लपवता कळवू द्या. तेथील समुपदेशकांनी असे खंड पुष्कळ पाहिलेले असतात आणि ते रागावण्यासाठी बसलेले नसतात.

आता डबी हातात घ्या. कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात तीन औषधांची नावे आणि त्यांचे वजन असते: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. जुन्या आणि नव्या डबीवर हे तिन्ही आकडे सारखे असतील, तर औषध तेच आहे. सरकार निविदा काढून खरेदी करते आणि निविदा दर वेळी एकाच कंपनीला मिळत नाही, म्हणून डबीवरचे नाव बदलते. गोळीची जाडी, रंग आणि चव तिच्यातल्या भरावाच्या पदार्थांवर ठरते, औषधावर ठरत नाही. आकडे मात्र वेगळे असतील किंवा एखादे नावच निराळे असेल, तर ती डबी घेऊन केंद्रात जावे, कारण तेव्हा उपचारच बदललेला असू शकतो.

जेनेरिक औषधात मूळ औषधापेक्षा वीस टक्के कमी माल चालतो, असा एक समज शिकलेल्या मंडळींतही रूढ आहे, आणि तो मी काही डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलेला आहे. गोळीत औषध किती भरायचे याचा नियम वेगळा आणि अधिक कडक आहे. ज्या ८० आणि १२५ टक्के या आकड्यांवरून हा समज निघाला, ते आकडे रक्तातील चाचणीचे आहेत. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ गोळी आणि काही दिवसांनी जेनेरिक गोळी देतात, ठरावीक अंतराने रक्त काढतात आणि रक्तात औषध किती उतरले, किती वेगाने उतरले याची तुलना करतात. माणसामाणसांत फरक असतोच, म्हणून केवळ सरासरी पाहून भागत नाही. सरासरीभोवतीचा अनिश्चिततेचा संपूर्ण पट्टा मूळ गोळीच्या ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. ज्या औषधाची सरासरीच ८५ च्या आसपास असेल, त्याचा पट्टा बहुधा खाली घसरतो आणि ते नापास होते.

या पद्धतीत गडबड झालेली नाही असे मात्र मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये औषधांची पूर्वपात्रता यादी सुरू केली. गरीब देशांसाठी होणारी मोठी खरेदी त्या यादीच्या आधारे होऊ लागली, आणि २००४ मध्ये त्याच यादीतून काही भारतीय एचआयव्ही औषधे काढून टाकावी लागली, कारण रक्तचाचण्या ज्या बाहेरच्या प्रयोगशाळांकडून करून घेतल्या होत्या त्यांच्या कामात आणि नोंदींत दोष सापडले. कंपन्यांना चाचण्या नव्याने कराव्या लागल्या. मला ही घटना जेनेरिकच्या विरोधातली वाटत नाही. दोष सापडतो तेथे कोणीतरी पाहत असते, एवढे तरी त्यातून कळते.

प्रश्न (सातपूर): मी औद्योगिक वसाहतीत बत्तीस वर्षे अभियंता म्हणून काम केले. एखाद्याने कष्टाने आणि पैसा ओतून शोधलेली वस्तू दुसऱ्याने नक्कल करून स्वस्तात विकली, तर आमच्या क्षेत्रात तिला चोरी म्हणतात. औषधांच्या बाबतीत तिला परोपकार का म्हणायचे?

परोपकार म्हणू नये, याबाबत मी आपल्याशी सहमत आहे. चोरी हा शब्द मात्र मान्य करता येणार नाही, आणि का ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

ब्रिटिशांचा १९११ चा पेटंट कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला होता. त्या कायद्याखाली औषधाच्या पदार्थावरच मालकी मिळत असे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये या कायद्याचा सविस्तर अभ्यास करून अहवाल दिला, त्यावर पुष्कळ वाद झाले, आणि अखेर १९७० चा कायदा संमत होऊन २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यानुसार अन्न आणि औषधे यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट मिळणे बंद झाले, तो बनविण्याच्या पद्धतीवर तेवढे मिळू लागले, आणि तेही थोड्या वर्षांसाठी. नाशिककराला पटेल असे उदाहरण द्यायचे, तर एखाद्याने आपल्या मिसळीच्या रश्शाची कृती स्वतःच्या नावावर करून घ्यावी, पण मिसळ या पदार्थावरच हक्क सांगून पंचवटीपासून पाथर्डी फाट्यापर्यंतची सगळी हॉटेले बंद पाडू नयेत, असा तो कायदा होता. दुसऱ्या वाटेने तोच पदार्थ करून दाखवील त्याला मोकळीक होती. ही वाट शोधणे म्हणजे नक्कल मारणे नव्हे; आपण अभियंते आहात, तेव्हा उलट्या दिशेने रचना उलगडत जाण्याला किती डोके लागते हे आपल्याला मी सांगायला नको. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध. ते करण्याची आपली पद्धत हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने बसविली, आणि हे रामाराव त्याआधी अनेक वर्षे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. त्या पद्धतीने मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९९३ मध्ये हे औषध बाजारात आणले.

याच कायद्यामुळे आणखी एक गोष्ट साधली आणि माझ्या मते ती किमतीपेक्षाही मोठी होती. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याच्या उपचाराने एचआयव्ही आटोक्यात ठेवता येतो हे सिद्ध झाले, पण तो उपचार घेणे म्हणजे दिवसभर घड्याळाकडे पाहणे होते. त्यातल्या इंडिनाव्हिर या औषधाचा डोस दर आठ तासांनी, उपाशीपोटी आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावा लागे. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधे एकाच गोळीत घालता येतील हे कोणालाही दिसत होते, परंतु पाश्चात्त्य बाजारात ती तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीची होती आणि त्या एकत्र बसण्याचे चिन्ह नव्हते. मुंबईत मालकीचा हा अडसर नव्हता, म्हणून सिप्लाने २००१ मध्ये तिन्ही औषधे एका गोळीत बसविली. एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, एवढ्यात दिवसाचे औषध आटोपू लागले. अडाणी, शिकलेला, शेतमजूर, ट्रकचालक, कोणालाही ते लक्षात ठेवता येण्यासारखे होते.

आता किमतीकडे येऊ. २००० साली श्रीमंत देशांत या तिहेरी उपचाराला माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देऊ केली आणि जगभर खळबळ उडाली. तेव्हा मी येथील एका महाविद्यालयात औषधनिर्माणशास्त्र शिकवीत असे. वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन मी उत्साहाने वर्गात गेले, फळ्यावर हिशेब मांडला आणि सुमारे सोळा हजार रुपये हा आकडा दोनदा अधोरेखित केला. मागच्या बाकावर निफाडकडचा एक मुलगा बसत असे. त्याचे वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटणीला जात. तो उठून म्हणाला, ‘मॅडम, आमच्या घरात वर्षाला सोळा हजार येत नाहीत.’ मी फळा पुसला, पण ते वाक्य काही पुसले गेले नाही. भारतातील रुग्णांना सरकारी केंद्रांतून ही औषधे विनामूल्य मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि तीही सुरुवातीला अवघ्या आठ रुग्णालयांतून. जी गोळी मुंबईहून आफ्रिकेत जात होती, ती आपल्या जिल्ह्यातल्या गरिबाला मिळायला त्यानंतरही वेळ लागला.

संशोधनावर पैसा ओतला गेला, हा आपला मुद्दा खरा आहे. फक्त तो कोणाचा होता, हेही पाहावे. झिडोव्हुडिनचा रेणू १९६४ मध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगावरच्या संशोधनात सार्वजनिक पैशावर तयार केला होता आणि तो एचआयव्हीवर चालतो हे दाखविण्यात अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेचा मोठा वाटा होता. स्टॅव्हुडिनचा एचआयव्हीवरील उपयोग येल विद्यापीठात शोधला गेला. २००१ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनीच विद्यापीठाला धारेवर धरले आणि दक्षिण आफ्रिकेत त्या औषधाची जेनेरिक आवृत्ती रोखणार नाही असे विद्यापीठाला आणि कंपनीला मान्य करावे लागले. दुसऱ्या बाजूला, आज वापरात असलेले डोल्युटेग्राव्हिर प्रामुख्याने कंपन्यांच्याच प्रयोगशाळांतून आलेले आहे, आणि तसा पैसा आणि तशी चिकाटी लागल्याशिवाय ते आले नसते. तो खर्च श्रीमंत देशांतील विक्रीतून वसूल होतो. ज्या देशात दहा हजार डॉलर देणारा ग्राहकच नाही, तेथे स्वस्त गोळी विकल्याने कंपनीचे कोणते गिऱ्हाईक तुटते, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

स्वस्त गोळीच्या या इतिहासातला एक डाग येथेच सांगितला पाहिजे. स्टॅव्हुडिन दीर्घकाळ घेतल्यावर अनेकांच्या चेहऱ्यावरची चरबी झडत असे. गाल आत जात, कानशिले खोल होत, आणि पुढे पुढे सरकारी दवाखान्याच्या रांगेत माणसे एकमेकांना गालांवरून ओळखू लागली. गावातही ओळखू लागली, ही त्याहून वाईट गोष्ट. श्रीमंत देशांनी हे औषध आधी सोडले. जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस २००९ मध्ये केली, आणि स्वस्त असल्यामुळेच ते गरीब देशांत जास्त वर्षे रेंगाळले.

राहिला कायदा. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापोटी भारताला १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या पदार्थावर पेटंट द्यावेच लागले, म्हणजे मिसळीवरचा हक्क परत आला. मात्र संसदेने दोन कड्या घातल्या: जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागणाऱ्याला अडविणारे कलम ३(ड), आणि पेटंट मंजूर होण्याआधी कोणालाही हरकत घेता येण्याची सोय. या दुसऱ्या सोयीचा उपयोग मणिपूरच्या आणि देशपातळीवरील एचआयव्हीबाधितांच्या संघटनांनी २००६ मध्ये केला. झिडोव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन या दोन जुन्या औषधांच्या जोडगोळीवर ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने पेटंट मागितले होते. हरकत आल्यावर कंपनीने अर्ज मागे घेतला. टेनोफोव्हिरवरचे अर्जही अशाच हरकतींनंतर २००९ मध्ये फेटाळले गेले. ग्लॅक्सोचा कारखाना आपल्या अंबडला आहे, त्यामुळे हे नाव आपल्या परिचयाचे असेल. गंमत अशी, की ज्या व्हीव्ह कंपनीत ग्लॅक्सोचा मोठा वाटा आहे, तिनेच २०१४ मध्ये डोल्युटेग्राव्हिरचा परवाना मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेमार्फत जेनेरिक कंपन्यांना दिला. विरोध, न्यायालये आणि लाजिरवाण्या बातम्या यांच्या तेरा-चौदा वर्षांनंतर कंपन्यांनाही या वाटेचा हिशेब पटला, असे माझे मत आहे.

प्रश्न (गंगापूर रोड): कायदा मोकळा असला तरी दहा हजारांचे साडेतीनशे आणि पुढे त्याहूनही कमी कसे झाले? भारतीय कंपन्या तोट्यात विकतात का?

तोट्यात कोणी वीस वर्षे विकत नाही. एकाच औषधाचे अनेक उत्पादक झाले की चढाओढ लागते. शिवाय ग्लोबल फंड हा आंतरराष्ट्रीय निधी आणि अमेरिकेचा पेपफार हा एचआयव्हीसाठीचा मदत कार्यक्रम यांच्यामार्फत लक्षावधी लोकांचे वर्षभराचे औषध एकदम मागविले जाऊ लागले, तेव्हा कारखान्यांना मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची खात्री मिळाली. क्लिंटन फाउंडेशनने २००३ मध्ये नेमके हेच केले: आधी मागणीची हमी, मग भाव. त्या कराराने किंमत वर्षाला १४० डॉलरच्या खाली आली. तिसरे कारण रसायनशास्त्रातले आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. आधीच्या गोळीत इफाव्हिरेंझ ६०० मिलिग्रॅम घालावे लागे. त्याच्या जागी आलेले डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम पुरते. म्हणजे त्या औषधाचा बारावा हिस्सा माल. कच्चा माल कमी, गोळी लहान, डबी लहान, कंटेनरमध्ये डब्या जास्त. अशा रीतीने २०१७ मध्ये सुमारे ७५ डॉलरला ठरलेली वर्षाची किंमत २०२३ मध्ये ४५ डॉलरच्या खाली उतरली. दिवसाला साधारण दहा रुपये झाले, म्हणजे एका कटिंग चहाचे.

प्रश्न (नाशिकरोड): आफ्रिकेतील देशांनी स्वतःच ही औषधे का बनविली नाहीत? आणि आता अमेरिकेने मदतीचा हात आखडता घेतल्यावर त्यांचे आणि आपले काय होणार?

प्रयत्न झाले, आणि त्यांना खोडेही घातले गेले. दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधे आयात करण्याची वाट मोकळी करणारा कायदा १९९७ मध्ये केला, तेव्हा ३९ औषध कंपन्यांनी सरकारला न्यायालयात खेचले. खटला रेंगाळत असताना जुलै २००० मध्ये डर्बन येथे जागतिक एड्स परिषद भरली. तेथे न्यायमूर्ती एडविन कॅमेरॉन यांनी, स्वतः एचआयव्हीबाधित असल्याचे आधीच जाहीर केलेले असताना, भरसभेत सांगितले की आपण जिवंत आहोत ते औषधे विकत घेण्याइतके पैसे आहेत म्हणून. न्यायाधीशाच्या तोंडून आलेल्या या कबुलीने पुष्कळांची झोप उडविली. रस्त्यावर झॅकी अखमत यांची ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही संघटना होतीच. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेने सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंट बाजूला ठेवण्याचा देशांचा अधिकार मान्य केला.

ज्यांच्याकडे कारखानाच नाही अशा देशांसाठी दुसऱ्या देशाकडून सक्तीच्या परवान्याखाली (पेटंटधारकाच्या संमतीविना सरकारने दिलेल्या परवान्याखाली) औषध मागविण्याची सोय २००३ मध्ये झाली, पण तिचे कागद इतके, की ती वापरून रवांडाने कॅनडाहून औषध मागविले आणि त्यानंतर त्या वाटेने दुसऱ्या कोणत्याही देशात औषध पोहोचल्याचे ऐकिवात नाही. कारखाना उभारणे अवघड नाही. मूळ औषधद्रव्य कोठून आणायचे ही खरी अडचण असते, आणि त्यात भारतही काही प्रमाणात चीनमधून येणाऱ्या मालावर अवलंबून आहे. तरीही २०२५ मध्ये केनियातील कारखान्यात बनलेली तिहेरी गोळी ग्लोबल फंडाने मोझांबिकसाठी खरेदी केली, ही नोंद घेण्यासारखी बातमी आहे.

आता मदतीविषयी. अमेरिकेने २० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठविली. जीवरक्षक औषधांना पुढे सवलत मिळाली, परंतु तोपर्यंत आफ्रिकेत अनेक ठिकाणी तपासणी करणारे, औषध वाटणारे आणि घरोघर पाठपुरावा करणारे कर्मचारी घरी बसले होते. गोळी गोदामात पडून आणि ती देणारा माणूस नाही, अशी अवस्था झाली. गोळी ४५ डॉलरला झाली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांना (त्यांत कधीकाळी मीही होते) हा मोठा धडा होता, कारण प्रयोगशाळा, रक्तातील विषाणूंची मोजणी, वाहन आणि पगार यांचा खर्च गोळीच्या खर्चाहून कितीतरी अधिक असतो आणि त्याला जेनेरिक आवृत्ती नसते.

आपल्याकडे स्थिती बरीच वेगळी आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा २०२१ ते २०२६ हा पाचवा टप्पा १५,४७१.९४ कोटी रुपयांचा ठरला होता आणि हा कार्यक्रम केंद्र सरकारच्या पैशावर चालतो. त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या सहीने नाशिकच्या केंद्रातील कपाट रिकामे होत नाही. खरेदीची निविदा वेळेवर निघणे हे मात्र आपल्याच हातात आहे.

प्रश्न (मालेगाव): मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्या ओळखीच्या एका बाळाला ही औषधे चालू आहेत. मोठ्यांची गोळी अर्धी करून द्यावी का, असे त्याची आजी विचारते.

देऊ नये. मुलाचा डोस वजनावर ठरतो आणि तिहेरी गोळीचे दोन तुकडे केले, तर तिन्ही औषधांचे प्रमाण बाळासाठी योग्य राहीलच असे नाही. पूर्वी मुलांसाठी कडवट पातळ औषधांच्या बाटल्या असत. मूल थुंकून टाकी, मग आई पुन्हा पाजावे की नको या विचारात पडे, आणि काही बाटल्या थंड ठेवाव्या लागत म्हणून बर्फाचा शोध सुरू होई. आता डोल्युटेग्राव्हिरची दहा मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी निघाली आहे. तिला २०२० मध्ये मान्यता मिळाली, आणि मुलांच्या उपचाराची वर्षाची किंमतही बरीच खाली आली. मुलांची संख्या कमी म्हणजे बाजार लहान, म्हणून मोठ्यांच्या औषधानंतर ही गोळी यायला इतकी वर्षे गेली. आजीला सांगा, चमचाभर पाण्यात गोळी पूर्ण विरघळू द्यावी, लगेच पाजावी, आणि वाटीला चिकटलेले औषधही थोड्या पाण्याने खळबळून द्यावे. बाळाला किती गोळ्या, ते दर भेटीत वजन करून केंद्रातील डॉक्टर सांगतील.

प्रश्न (देवळाली कॅम्प): वर्षातून दोनच इंजेक्शने घेऊन एचआयव्ही टळतो अशी बातमी वाचली. हे खरे आहे का, आणि ते आपल्याला परवडेल का?

खरे आहे. औषधाचे नाव लेनाकॅपाव्हिर, कंपनी अमेरिकेची गिलियड. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले तेव्हा मी ते दोनदा वाचले. लक्षात घ्या, येथे ते बाधा टाळण्यासाठी आहे. ज्यांना बाधा झालेली आहे त्यांनी आपली रोजची गोळी सोडायची नाही.

जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला या कामासाठी मान्यता मिळाली आणि वर्षाची छापील किंमत २८,२१८ डॉलर ठेवण्यात आली. गिलियडने १२० देशांसाठी सहा जेनेरिक कंपन्यांना परवाने दिले आहेत. त्यांत हैदराबादच्या दोन कंपन्या आणि आपल्या पुण्याची एमक्युअरही आहे. त्यांपैकी हैदराबादच्या दोघींनी २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचे जाहीर केले आहे. अठ्ठावीस हजार आणि चाळीस! झिडोव्हुडिन बाजारात आले त्या १९८७ पासून ही गोष्ट पाहणाऱ्याला हे अंतर ओळखीचे वाटते, फक्त या वेळी ते कापायला पंधरा वर्षे लागणार नाहीत असे दिसते.

मला खटकते ते निराळेच. ब्राझील, अर्जेंटिना, पेरू आणि मेक्सिको येथील लोकांनी याच इंजेक्शनच्या दुसऱ्या चाचणीसाठी आपले दंड आणि पोट पुढे केले, आणि परवान्याच्या १२० देशांच्या यादीत या चारांपैकी एकही नाही. धड गरीब नाही आणि धड श्रीमंत नाही अशा देशांची ही कुचंबणा जुनी आहे. ब्राझीलने २००७ मध्ये इफाव्हिरेंझवर सक्तीचा परवाना काढून भारतातून जेनेरिक मागविले होते आणि कोलंबियाने २०२४ मध्ये डोल्युटेग्राव्हिरसाठी तीच वाट धरली. लेनाकॅपाव्हिरच्या बाबतीतही कोणीतरी ती धरील, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न (गावाचे नाव छापू नये अशी विनंती): मी एआरटी घेते. तालुक्याच्या ठिकाणी केंद्र आहे, पण तेथे ओळखीचे लोक भेटतात म्हणून पहाटेच्या एसटीने नाशिकला येते. मजुरीचा दिवस बुडतो. घरी सासूला कळू नये म्हणून गोळ्या डबीतून काढून हळदीच्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवते. यात काही चूक होते का?

नाशिकला येण्यात चूक काहीच नाही. केंद्र कोणते असावे याबाबत आपल्या सोयीचा विचार करावा असे आपण तेथील समुपदेशकांना मोकळेपणाने सांगू शकता. प्रकृती स्थिर असेल आणि रक्तातील विषाणू दबलेले असतील, तर एका वेळी एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे; ती आपल्याला लागू होईल का, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा. त्यातून मजुरीचे दोन-तीन दिवस तरी वाचतील. आपल्या संमतीशिवाय आपली स्थिती कोणालाही सांगण्यास २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई केली आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि तो केंद्रातील शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना बांधतो. कोणी उल्लंघन केले, तर १०९७ या विनाशुल्क क्रमांकावर विचारणा करता येते.

डब्याचे मात्र बदलावे लागेल. ही गोळी ओलावा धरते आणि हळदीचा डबा स्वयंपाकघरात, चुलीच्या वाफेत असतो. कंपनीची डबी घट्ट झाकणाची असते आणि तिच्यात ओलावा शोषणारी एक छोटी पुडी असते. ती पुडी फेकू नका आणि उघडूही नका. वरचा कागद कोमट पाण्यात भिजवून काढून टाका. मग ती नुसती पांढरी डबी उरते. कॅल्शियमच्या गोळ्याही अशाच डबीत मिळतात. ती कपड्यांच्या ट्रंकेत, उन्हापासून दूर ठेवा. मात्र कागद काढण्याआधी औषधाची नावे आणि मुदतीची तारीख एआरटीच्या पुस्तिकेत लिहून घ्या. आणि आम्लपित्तासाठी घरात जेल किंवा चघळायची गोळी असेल, तर ती एआरटीच्या गोळीनंतर दोन तासांनी घ्या. ती आधीच घेतली गेली असेल, तर एआरटीची गोळी सहा तास थांबून घ्या.